सहावा लागला की सहा पूर्ण झाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बाळाच्या वरच्या आहारावर आलेला लेख वाचला. लेख चांगला आहे, नाचणी-मुगाचं कौतुक केलंय म्हणून मला जरा जास्तच आवडला. पण पहिल्याच परिच्छेदात ‘सहाव्या महिन्यापासून वरचं अन्न सुरू करावं’ असं छापलंय आणि शेवटच्या चौकटीत ‘सहा महिन्यांनंतर’. वाचणाऱ्याला दोन्ही वाक्यं एकच वाटतील. ती एक नाहीत. त्यांच्यामध्ये अख्खा एक महिना बसतो, आणि त्या एका महिन्यापायी मी ३३ वर्षं लोकांशी भांडले आहे.

जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, जिथे भात आणि नाचणी पिकते, तिथल्या एका अंगणवाडीत मी सेविका होते. १९८९ साली लागले, २०२२ साली निवृत्त झाले. आमच्याकडे महिने बोटांच्या पेरांवर मोजतात. बाळ मार्चात झालं तर मोजणी मार्चापासूनच सुरू. मार्च एक, एप्रिल दोन, मे तीन, जून चार, जुलै पाच, ऑगस्ट सहा. ऑगस्ट उजाडला की आजी म्हणणार, “बाई, सहावा लागला, आता वाटी-चमचा काढायचा ना?” बाळ १२ मार्चचं असेल तर १२ ऑगस्टला सहावा लागतो हे खरंच आहे, पण त्या दिवशी बाळ असतं पाचच महिन्यांचं. आणि ३० मार्चचं असेल तर १ ऑगस्टला ते चार महिने दोन दिवसांचं असतं, तरी बोटं सहाच दाखवतात!

म्हणून मी नंतर नंतर महिने हा शब्दच सोडून दिला. भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावायचे आणि सांगायचे, “जन्मतारीख सहा वेळा परत येऊ दे. जन्माचा दिवस त्यात धरायचा नाही.” सहाव्या वेळच्या तारखेवर कुंकवाचं बोट लावून यायचे. वाचता न येणाऱ्या आजीलाही ते कळायचं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरपोच आहाराची पाकिटं मिळतात, त्यासाठी रजिस्टरमध्ये आम्हाला वय ‘पूर्ण’ लिहावं लागे. त्यामुळे ‘सहावा लागलाय, पाकीट द्या’ आणि ‘पूर्ण होऊ देत, मग देते’ हा वाद दर महिन्याला दारात ठरलेला.

आता माझीही एक चूक कबूल करते, नाहीतर दुसऱ्यांचीच उणीदुणी काढतेय असं वाटेल. मी लागले तेव्हा आम्हाला शिकवलं होतं, चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान वरचं सुरू करा. जगभर तेव्हा तसंच सांगत. १९९२ साली बाळदूध आणि बाळआहाराच्या विक्रीवर जो कायदा आला, त्यातही ‘चार महिन्यांनंतर’ असेच शब्द होते. जागतिक आरोग्य सभेने २००१ साली सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध असा ठराव केला आणि २००३ साली आपल्या कायद्यातही चाराचे सहा झाले. माझा मुलगा १९९२ चा. त्याला मी चार महिने झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भाताची पेज पाजली आणि गावातल्या कितीतरी बायकांनाही तेच सांगितलं. मग दहा-बारा वर्षांनी त्याच घरांत जाऊन ‘सहा पूर्ण’ सांगू लागले, तर एक आजी मला म्हणाली, “बाई, तुमचं सरकार दर दहा वर्षांनी पोरांची पोटं बदलतं काय?” उत्तर सुचलं नाही. आजही फारसं चांगलं उत्तर नाही माझ्याकडे. पोटं बदलली नाहीत, आपल्याला ती उशिरा कळली, एवढंच.

आणि हेच भांडण गेल्या वर्षी माझ्या घरात आलं.

माझी नात १२ मार्च २०२५ ची. मुलगा-सून चिंचवडला, सूनबाई नोकरी करते. बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवडे झाली आहे, म्हणजे १८२ दिवस. कागदावर बघितलं तर अगदी मापात: सहा महिने दूध पाजा आणि कामावर जा. पण तिला शेवटी शेवटी पायाला सूज होती, म्हणून तीन आठवडे आधीच रजेत गेले. उरले १६१ दिवस. म्हणजे २० ऑगस्टला हजर, आणि तेव्हा नात पाच महिने आठ दिवसांची. सून रडवेली होऊन म्हणाली, “आई, हिला वरचं सुरू करूया का? मी दिवसभर नसणार.” मी पिशवी भरून चिंचवडला गेले. ती सकाळी निघण्याआधी दूध काढून ठेवायची, ऑफिसातही दुपारी काढायची आणि बर्फाच्या डब्यातून आणायची. मी ते वाटी-चमच्याने पाजायचे. पहिले तीन दिवस नातीने माझा पदर, माझा चश्मा आणि अर्धं दूध असं सगळं एकत्र केलं. चौथ्या दिवशी शहाण्यासारखी प्यायली. बाटली आणली नाही, आणू दिली नाही.

२७ ऑगस्टला गणपती बसले. घरात माणसंच माणसं, नाशिकहून विहीणबाई आलेल्या, सुनेचा भाऊही आलेला. सगळ्यांच्या मनात एकच, मामा आलाच आहे तर उष्टावण उरकून घेऊ. तेव्हा नात साडेपाच महिन्यांची. मग गणित सुरू झालं. मुलाचं सम महिन्यात करतात, मुलीचं विषम महिन्यात. एक मावशी म्हणाल्या, पाच पूर्ण आहेत ना, म्हणजे विषमच, करून टाका. एक काका म्हणाले, नाही, सहावा चालू आहे, म्हणजे सम, मुलीला चालत नाही. एकाच पोरीचं एकाच दिवशीचं वय, पण ज्याला जे करायचंय त्याप्रमाणे कधी पाचवा, कधी सहावा! फोनवर गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, मनुस्मृतीत सहावा महिना सांगितलाय, पण पुढे लगेच कुळाचाराप्रमाणे केलं तरी चालेल अशी मोकळीकही दिली आहे. मी गुरुजींना मनातल्या मनात नमस्कार केला.

कारण मला तेव्हाच एक गोष्ट दिसली, जी ३३ वर्षं नोकरी करून दिसली नव्हती. मुलीचा सातवा महिना लागतो कधी? बरोब्बर सहा पूर्ण झाल्याच्या दिवशी. म्हणजे मुलीचं उष्टावण ‘सातवा लागला की’ करणारं घर रूढीही पाळतं आणि डॉक्टरांचंही ऐकतं. फसतात ती मुलांची घरं. सहावा लागल्यावर केलं तर महिनाभर लवकर, आठवा लागल्यावर केलं तर महिनाभर उशीर. हे मी विहीणबाईंना कॅलेंडरवर दाखवलं. त्या हसल्या, म्हणाल्या, “म्हणजे आमच्या पोरीचं नशीब तुमच्या हिशेबात बसलं म्हणायचं!” मोदकाचं सारण तेवढं चाटवू द्या म्हणून एका आत्याबाईंनी आग्रह धरला. आजीच नाही म्हणते, असं त्या चार घरांत सांगत फिरल्या. फिरू देत.

पुढे पेच पडला तो वेगळाच. सहा महिने पूर्ण झाले १२ सप्टेंबरला, आणि तो नेमका पितृपक्ष. पितृपक्षात पहिला घास कसा भरवायचा? नवरात्र २२ ला बसणार होतं. दहा दिवस थांबलं तर आभाळ कोसळत नाही, हे मलाही मान्य. पण माझ्या अनुभवात दहाचे वीस होतात, मग मामाला रजा नसते, मग दिवाळी येते. म्हणून मी विहीणबाईंना म्हटलं, “सोहळा नवरात्रात करू. चांदीची वाटी, सोन्याची अंगठी, मामाची मांडी, सगळं करू. तोवर घरातल्या घरात नुसती चव दाखवते, त्याला उष्टावण म्हणायचं नाही.” त्यांनी डोळे मिटून मान हलवली. १३ तारखेला सकाळी मूगडाळ घालून गुरगुट्या भात केला, बोटांनी मऊ कुस्करला, तुपाचे दोन थेंब, मीठ नाही. पहिला चमचा तिने जिभेने सगळा बाहेर लोटला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी लबाडी केली. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी गिळला. नवरात्रातल्या रविवारी मामाने पहिला घास भरवला तेव्हा पोरीने आ वासून चमच्यावर झडप घातली, आणि मामा अजून सांगतो की माझ्या हाताला यश आहे. आम्ही कुणी बोललो नाही.

हे सगळं लांबण लावून सांगितलं, कारण लेखात एक गोष्ट राहून गेली आहे: तारीख झाली म्हणून बाळ तयार होतंच असं नाही. तारीख म्हणजे दार. आत जायचं की नाही ते बाळाला विचारायचं असतं. मी कसं बघायचे ते सांगते. बाळाला मांडीवर पाठीला आधार देऊन सरळ बसवायचं. मान डगमगली, बाळ एका कुशीला कललं, तर अजून थांबा. मग कोरडा स्टीलचा चमचा खालच्या ओठाला नुसता टेकवायचा. जीभ चमच्याला बाहेर ढकलते की तोंड उघडून त्याला आत घेते? लहान बाळाची जीभ बाहेर ढकलणारच, ती त्याची राखण असते. चौथ्या ते सहाव्या महिन्यात ती सवय हळूहळू जाते. पूर्ण सहा महिने झाल्यावरही पहिल्या दिवशी लोटलं तर घाबरू नका, दोन दिवसांनी पुन्हा बघा. आणि तिसरं, समोर धरलेली पळी बाळ बघतं का, हात लांब करून पकडतं का आणि नेमकी तोंडात नेतं का? डोळा, हात आणि तोंड एका कामाला लागले की समजायचं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाची गोष्ट वेगळी, त्याचं डॉक्टरांनाच विचारायला हवं.

आता खोट्या खुणा, कारण घरोघरी वाद त्यांच्यावरूनच. बाळ मुठी चोखतंय, लाळ गळतेय, रात्री उठतंय, आपण जेवताना टक लावून बघतंय. “बघा बाई, भाकरीकडे कशी बघते, इच्छा राहील तिची.” मी म्हणायचे, चार महिन्यांचं पोर भिंतीवरच्या पालीकडेही तसंच बघतं, पाल भरवायची का? रात्री जास्त उठलं तर त्याला जास्त वेळा अंगावर घ्यावं, दूध वाढतं. आणि दातांचा तर काही संबंधच नाही. मऊ अन्न हिरड्यांनी छान चिरडलं जातं.

दातांवरून एक घर आठवलं. आमच्या वरच्या पाड्यावरचं बाळ, दहा महिन्यांचं, झोळीच्या काट्याला टांगलं तर सहा किलोसुद्धा भरेना. आई म्हणाली, “अंगावर पितोय की भरपूर. दात आले की देईन.” पोर शांत, रडत नव्हतं, म्हणून घरात कुणाला काळजी नव्हती. मी खालची पापणी ओढून दाखवली, आतून पांढरी, म्हणजे अंगात रक्त कमी. बाळ पोटात असताना आईकडून लोह घेऊन येतं. ती शिदोरी साधारण सहा महिने पुरते, पुढे नुसत्या दुधातून भागत नाही. पहिल्या सहा महिन्यांत सरळ वर चढलेली वजनाची रेघ सहाव्यानंतर आडवी झालेली मी इतक्या कार्डांवर पाहिली आहे की लवकर सुरू करण्याइतकीच उशिराची धास्ती मला वाटते. माझ्या एकटीचा अनुभव नाही हा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी अंगावरच्या दुधाबरोबर वरचं अन्न मिळणारी फक्त ४५.९ टक्के निघाली. तुमच्या लेखात मात्र घाई करू नका, घाई करू नका असं तीनदा आलंय आणि उशीर करू नका असं एकदाही नाही.

घाईचं दुःखही पाहिलंय. नारायणगावच्या बाजूला टोमॅटो तोडणीला जाणारी एक बाई, बाळ चार महिन्यांचं होताच मजुरीला लागली. तिला कुठली २६ आठवड्यांची रजा? सासू चहात बिस्कीट भिजवून भरवायची. आठवड्यात जुलाब, डोळे खोल, टाळू बसलेली, दवाखान्यात सलाइन. सासूला मी काही बोलले नाही. बोलायला तोंड नव्हतं, तिने भुकेल्या पोराला हातात होतं ते दिलं.

काय द्यावं यावर लेखात पुष्कळ आहे, मी दोनच शब्द घालते. वरणाचं पाणी हे अन्न नाही. या वयाच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम पेलाभर मावतं. ते पाण्यानेच भरलं तर वरून जे दोनशेच्या आसपास उष्मांक रोज जायला हवेत ते जायचे कुठून? चमचा तिरका केला तर लगेच ओघळू नये, इतपत घट्ट हवं. दोन-तीन चमचे, दिवसातून दोन वेळा, तिथून वाढवत न्यायचं. वर्षापर्यंत मीठ-साखर नको. मध तर मुळीच नको, मधातल्या एका जंतूचे बीजाणू तान्ह्या बाळाच्या आतड्यात विष तयार करू शकतात. गुटी मधात उगाळणाऱ्या आज्या आता मला पत्रं पाठवतील. पाठवू देत, माझीही आजी तेच करायची.

आणि एक गोष्ट सरकारी दवाखान्यांच्या संदर्भात. बाळाला सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लशी होतात, त्यानंतरची नेहमीची लस थेट नऊ महिन्यांना. म्हणजे साडेतीन महिन्यांपासून नवव्यापर्यंत आईला दवाखान्यात जायचं काही कारणच नाही, आणि वरच्या अन्नाचा प्रश्न नेमका मधेच येऊन जातो. आशाताई सहा महिन्यांच्या सुमारास घरी भेट देतात, ती भेट त्यासाठीच आहे. तुमच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी बाळ असेल तर त्यांनी आशाताईला चहा पाजून कार्ड पुढे ठेवावं आणि विचारावं. त्या घाईत असतात. दहा घरं आणि चार अहवाल असतात त्यांच्या डोक्यावर, म्हणून आपण थांबवून विचारायचं.

तर विनंती अशी. पुढच्या रविवारी लहानशा चौकटीत खुलासा छापावा: ‘सहाव्या महिन्यापासून’ नव्हे, ‘सहा महिने पूर्ण झाल्यावर’. जागा उरली तर सहा वेळा जन्मतारीख मोजायची युक्तीही छापा, माझं नाव नको. आणि लेखासोबतच्या चित्रात आजीने बाळाला मांडीवर उताणं आडवं घेऊन चमचा धरलाय, तेवढं चित्रकाराला सांगा. आडव्या बाळाला भरवलं तर ठसका लागतो. बाळ सरळ बसलेलं काढा, आजी आहे तशीच राहू दे.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. जुन्नर, जि. पुणे